दिवस गेलेत आणि दात दुखायलाय? बाळंतपण होईपर्यंत थांबू नका

घरात पोरगी गरोदर आहे म्हणलं की सगळे कामाला लागतात. सोनोग्राफी कधीची आहे, एचबी किती निघालं, आशाताईनं कार्ड काढलं का, डोहाळजेवणाला साडी कोणती घ्यायची, सगळं बोलून होतं. दाताचं मात्र कोणी नाव काढत नाही, आणि तिनं स्वतःहून काढलंच तर सासू, आई, शेजारची काकू सगळ्यांचं एकच उत्तर, "आता नको बाई दाताला हात लावू, बाळंतपण झाल्यावर बघू." आता बाळंतपण झाल्यावर जिथं बाईला धड अंघोळीला वेळ मिळत नाही तिथं दाताच्या डॉक्टरकडं कोण जातंय? शिवाय किडलेला दात नऊ महिने थांबत नसतो. म्हणून काय कधी करायचं ते इथं क्रमानं लिहिलंय, आपल्या मराठवाड्यातल्या घरात जसं जमेल तसं.

आधी आरशासमोर उभं राहून हिरड्या बघा

उजेडात ओठ बाजूला करून बघा. हिरडी फिक्कट गुलाबी आणि घट्ट असली तर बरंय. लालभडक, फुगलेली, ब्रश लावला की रक्त येणारी असेल तर घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही हार्मोन्स खूप वाढतात, त्यामुळं हिरड्यांना रक्तपुरवठा वाढतो आणि दातावरच्या थोड्याशा घाणीनं सुद्धा हिरडी लगेच सुजते. साधारण दुसऱ्या महिन्यापासून हे सुरू होतं आणि आठव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं.

आता होतं काय, की रक्त यायलंय म्हणून बाई ब्रश करायचं बंद करते, बोटानं जरा मंजन फिरवते आणि चूळ भरते. मग घाण आणखी साठते, हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त. म्हणजे जिथून रक्त येतं तिथंच ब्रश जास्त नीट फिरवायचाय, फक्त मऊ ब्रशनं आणि हलक्या हातानं. आठ-पंधरा दिवसात फरक दिसतो. नाही दिसला तर डॉक्टरकडं, कारण मग दातावर कडक थर जमलेला असतो आणि तो घरी निघत नाही.

कधीकधी दोन दातांच्या मधून लाल गाठ वर येते, हात लागला की रक्त येतं. हिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, नाव ऐकूनच घरात रडारड होते, पण हा कॅन्सर नाही आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप बसते. तरी एकदा डॉक्टरला दाखवून खात्री करून घ्या.

आणि ते "पोटातलं बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, एका लेकरामागं एक दात जातो" हे खरं नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम तुमच्या खाण्यातून येतं आणि कमी पडलं तर हाडातून जातं, दातातून नाही. दात किडतो तो उलट्यांनी, सारखं गोड-चिकट खाण्यानं आणि कंटाळा येऊन ब्रश न केल्यानं. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून ज्या कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्या घ्याच, पण लोहाच्या गोळीसोबत एकदम नको, दोन्हीत काही तासाचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गोळीऐवजी लोहाचं पातळ औषध चालू असेल तर दात काळपट पडतात, ते स्ट्रॉनं प्या आणि वरून चूळ भरा.

ब्रश करायची पद्धत

दिवसातून दोनदा. सकाळचा एखादा हुकला तरी चालेल पण रात्री झोपतानाचा सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि कीड लागायला मोकळं रान मिळतं. ब्रश सॉफ्ट लिहिलेला घ्या. ब्रश हिरडीवर थोडा तिरपा धरायचा, दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं छोटं छोटं गोल फिरवायचं, दोन मिनिटं. पेस्ट फ्लोराइडची, डब्यावर १००० पीपीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं ते बघून घ्या. शेवटी थुंकून टाका, पाण्यानं खळखळून चुळा भरत बसू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या.

इथं किनवटकडच्या बायका विचारतील की आमच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे मग पेस्ट कशाला. त्रास पाणी पोटात गेल्यानं होतो, पेस्ट तर आपण थुंकतो, म्हणून मोठ्या माणसानं ती वापरायला हरकत नाही. पाण्याचं मात्र बघा, प्यायच्या पाण्यात लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक धरतात, ग्रामपंचायतीला तपासणीचा रिपोर्ट मागा.

पहिल्या तीन महिन्यात ब्रश तोंडात घातला की मळमळतं, हे लई जणींचं. मग लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, पेस्ट अगदी वाटाण्याएवढी आणि उग्र वासाची नको, मान खाली झुकवून नाकानं श्वास घेत मागच्या दाढा शेवटी घासा. सकाळी अजिबात जमत नसेल तर दुपारी जेवणाआधी करा, ब्रशला मुहूर्त नसतो.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको

हे बहुतेकींना माहीतच नसतं. उलटी झाली की तोंडाची चव आंबट होते म्हणून बाई लगेच पेस्ट घेऊन घासायला लागते. उलटीबरोबर पोटातलं आम्ल दातावर येतं आणि दाताचं वरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ होतं, त्याच वेळी घासलं की ते झिजतं. रोजचं झालं की समोरच्या दातांच्या आतल्या बाजूनं झीज दिसायला लागते आणि गार पाणी लागलं की ठणका.

तर उलटीनंतर ग्लासभर पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा टाकून चूळ भरा आणि थुंका, प्यायचं नाही. सोडा नसेल तर साधं पाणी. मग अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि नंतर ब्रश करा. उन्हाळ्यात टँकरवर भागतंय अशा गावात सुद्धा एवढं ग्लासभर पाणी ह्या कामाला बाजूला ठेवा. सोडा घालून ठेवलेली छोटी बाटली मोरीजवळ असू द्या, उलटी आल्यावर कोणी डबा शोधत बसत नाही.

मिसरी बंद

ह्यावर जरा सविस्तर बोलायला लागतंय कारण आपल्याकडं हे उघड कोणी बोलत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची, डबीत भरायची आणि सकाळी अंगणात बसून बोटानं दाताला लावायची. अर्धा तास तोंडात धरून बसणाऱ्या बायका आहेत, आणि "मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते" असं डॉक्टरला शपथेवर सांगतात. पण ती तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं आणि बाळापर्यंत पोचतं, बाळाचं वजन कमी भरू शकतं, वेळेआधी बाळंतपण व्हायची भीती वाढते. दात घट्ट होतात, पोट साफ होतं म्हणून लावतात, पण दात काही घट्ट होत नाहीत, हिरडी खाली सरकते. तंबाखूची पेस्ट, गुल म्हणजे दाताला लावायची तंबाखूची पूड, त्याचंही तेच.

सुटायला त्रास होतो हे खरंय, चिडचिड होते, डोकं दुखतं. सकाळची ती ठरलेली वेळ असते ना, त्याच वेळी ब्रश हातात घ्या आणि नंतर तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा. घरात सासूची डबी समोर दिसत असेल तर सुटणं अवघड, म्हणून सासूबाईंनाच सांगायचं की नातवासाठी नऊ महिने डबी लपवा. काही सासवा ह्यातून स्वतः पण सोडतात. नाहीच जमलं तर तपासणीच्या वेळी डॉक्टरला खरं सांगा.

राखुंडी आणि विटकरीची पूड तेवढी खरखरीत असते की दात झिजतात, ती पण नको. कडुनिंबाची काडी चालेल पण ब्रशच्या सोबत, ब्रशच्या ऐवजी नाही.

डोहाळे आणि खाणं

चिंचा, कैऱ्या, बोरं खाऊ नका असं सांगून कोणी ऐकणार नाही आणि सांगायची गरजही नाही. फक्त दिवसभर चिंचेचा गोळा चघळत बसू नका. जेवणाबरोबर खा, एकदाच काय ते, आणि वरून पाणी प्या. गुळ-शेंगदाण्याचं पण तसंच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं तोंडात टाकण्यापेक्षा एका बैठकीत खाल्लेलं दाताला बरं. मधल्या भुकेला फुटाणे, ताक, उकडलेलं अंडं, ज्वारीच्या लाह्या, काकडी. माती, खापर, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर लपवू नका, बऱ्याचदा रक्त कमी असल्याची ती खूण असते, आणि दात झिजतात ते वेगळंच.

डॉक्टरकडं कधी आणि कसं जायचं

तपासायला कधीही जाता येतं, पहिल्या महिन्यात सुद्धा. सिमेंट भरणं, दात साफ करणं, दाढ काढणं, रूट कॅनल असलं काम करायला सगळ्यात सोयीचा काळ चौथा ते सहावा महिना. तोपर्यंत उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट एवढं मोठं नसतं की खुर्चीवर पडता येत नाही. आणि आपल्याकडं पहिल्या बाळंतपणाला पोरगी सातव्यात माहेरी जाते, म्हणजे नव्या गावात नवा डॉक्टर शोधण्यापेक्षा सासरी आहे तोवरच उरकून घेतलेलं बरं. पण दुखणं आलं, सूज आली, तर महिना मोजत बसायचं नाही, नवव्यात असली तरी इलाज होतो.

पैशाचं म्हणाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दाताचा विभाग त्याच इमारतीत असतो. इकडं सोनोग्राफीच्या दारात पन्नास बाया उभ्या आणि तिकडं दाताच्या खोलीपुढचा बाक मोकळा. सोनोग्राफीचा नंबर येईपर्यंत तिथं दाखवून या, राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठं काम असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

जाताना तपासणीचं कार्ड आणि चालू गोळ्या सोबत घ्या. पोट दिसत नसलं तरी कितवा महिना ते आधी सांगा. काहीतरी खाऊन जा, उपाशी पोटी चक्कर येते. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर खुर्चीवर पाठीवर सरळ पडलं की गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि घाबरल्यासारखं होतं, म्हणून उजव्या कुशीखाली उशी किंवा घडी केलेली ओढणी ठेवून डावीकडं थोडं कलतं राहा. डॉक्टर विसरले तर तुम्ही सांगा.

दाताचा एक्स-रे गरजेचा असेल तर काढता येतो, किरणं फार थोडी असतात आणि अंगावर शिशाचा अ‍ॅप्रन घालतात. बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन पण चालतं. भूल न देता दाढ काढा म्हणणाऱ्या बाया बघितल्यात, बाळाला त्रास नको म्हणून, पण त्या कळांनी बाईचं बीपी चढतं त्याचं काय?

मेडिकलवर जाऊन गोळी मागू नका

दाढ दुखायलीय, द्या गोळी, असं म्हणलं की मेडिकलवाला जी पट्टी देतो त्यात बऱ्याचदा डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. गरोदरपणात ह्या गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, पाचव्या महिन्यानंतर तर मुळीच नाही, बाळाच्या किडनीवर आणि पोटातल्या पाण्यावर परिणाम होतो. अँटिबायोटिकमध्ये डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिननं बाळाचे दात कायमचे पिवळे-करडे होऊ शकतात, आणि दातदुखीला सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडी पण गरोदरपणात सहसा टाळतात. रात्र काढायची असेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरला फोन करून, आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. लवंग दाताखाली धरली तर चालेल, पण लवंगेच्या तेलात बुडवलेला कापूस हिरडीवर रात्रभर ठेवू नका, हिरडी भाजते.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर

काही घरात बाळंतिणीला ब्रश करू देत नाहीत, दात हलतात म्हणून. हार्मोन्समुळं गरोदरपणात दात जरासे हलल्यासारखे वाटू शकतात, ते नंतर घट्ट होतात, ब्रशशी त्याचा संबंध नाही. गार पाणी नको वाटत असेल तर कोमट पाण्यानं घासा. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, शिरा हे दिवसातून चार वेळा चालू असतं आणि सगळं दाताला चिकटणारं, म्हणून खाल्लं की चूळ, आणि रात्री सगळ्यांचं उरकल्यावर का होईना पण ब्रश.

आईच्या तोंडातले कीड लावणारे जंतू लाळेतून लेकराच्या तोंडात जातात. तेव्हा उष्टावणानंतर त्याचा चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून गरम आहे का बघू नका, घास चावून भरवू नका, आजीला पण हे सांगा. पहिला दात आला की त्याला लहान मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सुरू करा.