लेकीकडे दुबईला निघताना बॅग कशी भरावी, तब्येत कशी सांभाळावी

माझी आई बहिणीच्या बाळंतपणाला दुबईला निघाली तेव्हा बॅगेत सगळ्यात वर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. एक लाडू फोडून बघितला, तर खोबऱ्याच्या किसात बारीक पांढरे दाणे. खसखस! आईने रात्री जागून वळलेले लाडू बॅगेतून काढताना जीव तुटला, पण काढले.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबू धाबी, शारजा सगळीकडे, तिच्यावर बंदी आहे. अमली पदार्थांचा कायदा तिथे फार कडक आहे आणि "आम्हाला ठाऊक नव्हतं" हे उत्तर चालत नाही. म्हणून सुरुवात खाऊच्या पिशवीपासूनच करा.

१. खाऊ आणि मसाले तपासा

लाडू, अनारसे, घरचा कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, यांतल्या कशाकशात खसखस पडली आहे ते करणाऱ्या व्यक्तीलाच विचारा. शंका आली तर ती वस्तू घरी ठेवा. आईने दुसऱ्या दिवशी खसखस न घालता पुन्हा लाडू वळले, ते सुखरूप पोचले. शेजारच्या काकूंनी "एवढं आमच्या मुलाला द्या" म्हणून दिलेला बंद डबा मात्र नम्रपणे नाकारा. तुमच्या बॅगेत जे सापडेल, त्याचा जाब तुम्हालाच विचारतील.

२. औषधांची यादी निघण्याच्या महिनाभर आधी करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं तिथे नियंत्रित आहेत: झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांतलं अल्प्राझोलम आणि क्लोनाझेपाम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन. मधुमेहात पायांची आग होते म्हणून अनेक ज्येष्ठांना दिलं जाणारं प्रीगॅबालिनही त्यातच येतं. गोळीच्या नावावरून हे कळत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा.

असं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, दुसरं औषध चालेल का. नसेल चालत तर तिथल्या आरोग्य यंत्रणेची ऑनलाइन परवानगी आधीच काढा आणि तिची छापील प्रत जवळ ठेवा. मनाने गोळी बंद करू नका; झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास होतो.

बाकीची औषधंही चिठ्ठीसोबतच न्या. चिठ्ठी इंग्रजीत हवी, त्यावर घटकांची नावं हवीत आणि तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. सोमवार-मंगळवारचे कप्पे असलेली डबी इथे उपयोगाची नाही, कारण सुट्या गोळ्या कसल्या आहेत ते कुणाला कळणार? गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापू नका, नाव आणि मुदत नेमकी कापलेल्या तुकड्यावर जाते. रोजची औषधं आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं.

३. प्रवास विमा घ्या

तिथला दवाखाना महाग आहे. रक्तदाब, मधुमेह, आधीची अँजिओप्लास्टी, सगळं अर्जात खरंखरं लिहा आणि जुन्या आजारांचा खर्च विम्यात धरला आहे का, ते विचारून घ्या.

४. उन्हाला कमी लेखू नका

जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात समुद्राची दमट हवा. बाहेर काम करणाऱ्या मजुरांनाही १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हातलं काम कायद्याने बंद असतं. मग आपण त्या वेळी बाजारात का फिरावं? फेरफटका पहाटे मारा, पाणी जवळ ठेवा. मॉलमध्ये गारठा असतो, पातळ शाल असू द्या.

वाहनं उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. आणि ओलांडायचा तो ठरलेल्या जागीच, नाहीतर मोठा दंड होतो.

५. तिथली रीत पाळा

रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नये. दुपारची गोळी घरात किंवा उपाहारगृहात बसून घ्या. आजारी माणसाने खाण्याला कुणाची हरकत नसते. मेट्रोत तर बाराही महिने खाण्यापिण्याला बंदी आहे. अबू धाबीची शेख झायेद मशीद जरूर बघा. बायकांनी डोकं झाकावं, सगळ्यांनीच अंगभर सैल कपडे घालावेत. अनोळखी बायकांचे, सरकारी इमारतींचे फोटो काढू नका.

६. फोनवर विसंबू नका

व्हॉट्सॲपवर निरोप जातात, पण कॉल सहसा लागत नाही. बाबांना चक्कर आली आणि मुलगी ऑफिसात आहे, अशा वेळी हे आठवायला नको. पोहोचल्याबरोबर स्थानिक सिमकार्ड घ्या. एका कागदावर घराचा पूर्ण पत्ता, मुलीचा नंबर, रुग्णवाहिका ९९८, पोलीस ९९९ आणि अग्निशमन ९९७ असं मोठ्या अक्षरात लिहा. एक प्रत फ्रिजवर लावा, दुसरी आईच्या पर्समध्ये ठेवा.