'ने' ऐकलंत? या चुका टाळा

"दादाने 'ने' म्हटलं, म्हणून नेलं." यातला पहिला 'ने' प्रत्यय, दुसरा क्रियापद, कानाला दोन्ही सारखेच. घरच्या भाषेत ही गत, तर बाहेर विचारायलाच नको.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आवाजावरून अर्थ ठरवणं. ग्रीसमध्ये 'ने' म्हणजे हो. सीमा ओलांडून बल्गेरियात गेलात की 'ने' म्हणजे नाही. आणि या दोघांच्या शेजारी तुर्कस्तानात 'ने' म्हणजे 'काय?' बरं, खुणेवर भागवावं म्हटलं तर बल्गेरियात आडवी मान हलवणं हा होकार! तिथे मानेकडे न बघता 'दा' ऐकू येतंय का बघा. तो त्यांचा 'हो'.

दुसरी चूक हौशी मंडळींची: आवाज जुळला की नातं जोडायचं. बल्गेरियन 'ने' आणि संस्कृत 'न' खरंच एका मुळाचे आहेत. पण कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो, म्हणून ग्रीकशी सोयरीक जुळवू नका. काही संबंध नाही. जपानी आणि पोर्तुगीज दोघेही वाक्याच्या शेवटी आपल्या 'हो ना?'सारखा 'ने' लावतात. पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोचले, म्हणून शब्दही त्यांनीच नेला असं कुणीतरी छातीठोक सांगतंच. पोर्तुगीज 'ने' हे त्यांच्या 'नांउ ए'चं, म्हणजे 'नाही का'चं आखूड रूप. जपानी 'ने' जपान्यांचा स्वतःचा.

एका भाषेत एकच 'ने' असेल, हेही धरून चालू नका. तुर्कीत 'ने चाय, ने काह्वे' म्हणजे 'ना चहा, ना कॉफी'. हा 'ने' फारसीतून आलेला, 'काय'वाला अस्सल तुर्की.

आपल्या जवळचा खड्डा मात्र गुजराती-हिंदीतला. हिंदीत 'राम ने कहा' म्हणजे राम म्हणाला. गुजरातीत 'रामने कह्युं' म्हणजे रामाला सांगितलं. बोलणारा राम एका फटक्यात ऐकणारा होतो! गुजराती वाक्यात असा 'ने' भेटला की त्याच्या जागी 'ला' घालून बघा.

आणि हिंदीच्या 'मैंने'वरून मराठीत 'मीने केलं' म्हणू नका. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागतच नाही: 'मी केलं', बस्स.