नोकरी गेल्यावर ईएसआयचा बेकारी भत्ता: कुठे अडकतो आणि कसा सोडवायचा

पगारातून दरमहा पाऊण टक्का ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, कापला जातो, मालक वर सव्वातीन टक्के भरतो, आणि बहुतेक कामगारांना या पैशाचा उपयोग दवाखान्यापुरताच ठाऊक असतो. नोकरी गेली तर त्याच विम्यातून ९० दिवसांपर्यंत रोख मदत मिळू शकते, हे चाकण-भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत कामावर असताना क्वचितच कोणी सांगतं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ही ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ १ जुलै २०१८ ला सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोरोनाच्या लॉकडाउनच्या वर्षी, २०२० मध्ये, ते ५० टक्के झाले आणि थांबण्याचा काळही ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आला. योजना ठरावीक मुदतीसाठी असते आणि तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. म्हणून सगळ्यात आधी महामंडळाच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर किंवा जवळच्या शाखा कार्यालयात ‘सध्या चालू आहे ना?’ एवढं विचारून घ्या.

पैसे वेळेवर आले नाहीत की आपण शाखेतल्या कारकुनाच्या नावाने बोटं मोडतो. पण अर्ज अडकतो तो बहुधा त्याच्या टेबलावर नव्हे, तर आपल्या विमा क्रमांकापुढच्या नोंदींत. त्यातल्या काही नोंदी जुना मालक करतो, काही बँक, काही आपण स्वतः. शाखेत हेलपाटे घालण्याआधी त्या तपासल्या तर निम्मं काम घरबसल्या होतं.

सही करण्याआधी

कामावरून कमी करताना अनेक कंपन्या कामगाराकडून राजीनामा लिहून घेतात. एचआरवाला अगदी गोड बोलतो: ‘तुमच्याच रेकॉर्डला बरं दिसेल, हिशेबही लवकर होईल.’ इथेच भत्ता हातचा जातो. आपणहून काम सोडलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली, निवृत्तीचं वय झालं किंवा गैरवर्तनासाठी काढून टाकलं, तर या योजनेतून पैसे मिळत नाहीत. टाळेबंदीचा (लॉकआउटचा) काळ आणि बेकायदा ठरलेला संपही यात बसत नाही. राजीनाम्यावर तुमची सही असेल तर ‘मला जबरदस्तीने काढलं’ हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं.

म्हणून कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा किंवा व्हॉट्सॲपवर लिहा: ‘आज अमुक तारखेपासून मला कामावर येऊ नका असं सांगितलं आहे, कृपया लेखी कळवावे.’ उत्तर नाही आलं तरी तारीख पडलेला पुरावा हातात राहतो. शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि गेटपासचा फोटो आधीच काढून ठेवा. ओळखपत्र परत केल्यावर हे मिळवणं कठीण असतं.

आपण बसतो का, ते पाहा

विमाधारकांच्या पोर्टलवर दहा आकडी विमा क्रमांकाने लॉगिन करा. कार्ड हरवलं असेल तर हा क्रमांक बहुतेक वेळा पगारपावतीवर सापडतो. लॉगिन केल्यावर आधी वर्गणीचा तपशील उघडा. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखालचं काम हवं. लगेच आधीच्या तुकड्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्यामागच्या तीन तुकड्यांपैकी निदान एकात पुन्हा ७८ दिवस.

कंत्राटी कामगारांचं घोडं इथेच अडतं. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. काम तेच, मशीन तेच, पण कागदावर तुम्ही दोन वेगळी माणसं होता. एका क्रमांकावर चौदा महिने, दुसऱ्यावर अकरा, आणि दोन वर्षं एकावरही भरत नाहीत. असं असेल तर अर्ज करण्याआधी शाखेत जा, दोन्ही क्रमांक, आधार आणि दोन्हीकडच्या पगारपावत्या द्या आणि ते क्रमांक एकत्र करून मागा. नाकारलेल्या अर्जावर भांडण्यापेक्षा हे सोपं.

पगारपावतीत कपात दिसते पण पोर्टलवर तो महिना कोरा, असंही होतं. याचा अर्थ मालकाने पैसे कापले आणि भरले नाहीत. तो गुन्हा आहे. पगारपावत्यांच्या प्रती जोडून प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या. शाखेतल्या माणसाला तोंडी सांगून यातलं काही हलत नाही.

रक्कम किती, हे आधी समजून घ्या

अनेकांना वाटतं अर्धा पगार मिळेल. तसं नाही. मागच्या चार तुकड्यांतली, म्हणजे दोन वर्षांतली सगळी कमाई ७३० ने भागतात, त्यातून रोजची सरासरी निघते, आणि तिच्या निम्मे तुम्हाला मिळतात. दोन्ही वर्षं दरमहा १५,००० रुपये मिळाले असतील तर कमाई ३,६०,०००, रोजची सरासरी साधारण ४९३ रुपये, भत्ता रोज सुमारे २४६ रुपये. पूर्ण ९० दिवसांचे साधारण २२,००० होतात. पण त्याच पगारावर दोन वर्षांत अठराच महिने काम मिळालं असेल, तरी भागायचं ७३० नेच. मग ९० दिवसांचे जेमतेम १६,६०० होतात. रक्कम कमी आली म्हणून तक्रार करण्याआधी हा हिशेब मांडून पाहा. आणि हे ९० दिवस आयुष्यात एकदाच, दरवेळच्या बेकारीला नव्याने नाहीत.

तारखांचं गणित

समजा १० जूनला काम सुटलं. पहिले ३० दिवस थांबायचंच, म्हणजे १० जुलै. आता मालकाच्या बाजूने बघा. कोणत्याही महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. जूनची वर्गणी १५ जुलैपर्यंत येईल, आणि तुम्ही काम सोडल्याची नोंद अनेक कंपन्या त्याच्या पुढच्या भरण्यात करतात, जेव्हा तुमच्या नावापुढे शून्य दिवस पडतात. जुलैचं ते विवरण १५ ऑगस्टपर्यंत भरलं तरी मालक वेळेतच असतो. तोवर संगणकाच्या लेखी तुम्ही नोकरीत आहात! शाखेत ‘तुमचा मालक तर तुम्हाला कामावर दाखवतोय’ असं ऐकू येतं ते यामुळे.

त्यात मालकाने शेवटच्या दिवसाची तारीख चुकीची टाकली किंवा कारण चुकीचं निवडलं की आणखी घोळ. शून्य दिवसांचं कारण यादीतून निवडायचं असतं. ‘रजेवर’ निवडलं तर तुम्ही अजून नोकरीत, ‘नोकरी सोडली’ निवडलं तर आपणहून गेलात की काढलं असा प्रश्न, आणि कामगार-कपातीसाठी ‘रिट्रेंचमेंट’ हे वेगळं कारण असतं. म्हणून काम सुटलं त्याच आठवड्यात एचआरला किंवा ठेकेदाराच्या पगार करणाऱ्या माणसाला लेखी विनंती करा: शेवटचा कामाचा दिवस अमुक आणि कारण तमुक असं ईएसआयच्या मासिक विवरणात टाका. पगार करणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा सल्लागार असतो आणि पन्नास कंपन्यांची कामं बघतो. त्याचा नंबर मिळवा, मॅनेजरपेक्षा तोच उपयोगी.

नाव, आधार आणि बँक

आधार विमा क्रमांकाला जोडलेलं हवं, आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. कंपनीने दिलेलं सिम आधारला जोडलं असेल तर ते परत करण्याआधी नंबर बदलून घ्या, नाहीतर ओटीपी कुठे येतोय हे शोधत बसाल.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आलं, बँकेत माहेरचंच राहिलं. कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नुसतं आद्याक्षर. ज्ञानेश्वर, ज्योत्स्ना यांची इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकून आपापल्या मताने करतो. तिन्ही ठिकाणी, म्हणजे आधार, बँक आणि ईएसआय, नाव आणि जन्मतारीख शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधारप्रमाणे बाकीचं दुरुस्त करणं सहसा सोयीचं पडतं.

खातं राष्ट्रीयीकृत बँकेतलं, आपल्या एकट्याच्या नावावरचं असलेलं बरं. पतसंस्थेतल्या खात्यात हे पैसे थेट येणार नाहीत. देना बँक किंवा विजया बँकेचं जुनं पासबुक जोडत असाल तर थांबा. त्या २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात. आयएफएससी बदलला आहे. नवं पासबुक घ्या. पगार खातं असेल तर पगार थांबल्यावर किमान शिलकीचा नियम लागू होतो का, तेही विचारा, नाहीतर आलेल्या भत्त्यातूनच दंड कापला जाईल.

अर्ज

पोर्टलवर अर्ज भरा आणि आधार व बँक तपशिलाच्या प्रती तिथेच अपलोड करा. अपलोड केल्या नसतील तर अर्ज छापा, सही करा, प्रती जोडून शाखेत द्या किंवा टपालाने पाठवा. पूर्वी मालकाची शिफारस आणि प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये काढली. तरी एखाद्या ठिकाणी स्टॅम्पपेपर मागितलाच, तर कोणत्या परिपत्रकानुसार हवा ते लिहून मागा.

प्रत्यक्ष देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. टपालाने देत असाल तर स्पीड पोस्टची पावती जपा. मालकाने शाखेच्या चौकशीला उत्तर दिलं नाही, तर तुमच्याकडचं पत्र किंवा ईमेल तिथे कामाला येतं.

तरीही हलत नसेल तर

आधी नेमकं विचारा: अर्ज नाकारला की प्रलंबित आहे? नाकारला असेल तर कारण लेखी मागा. प्रलंबित असेल तर कशासाठी आणि कोणाकडे. ‘वरून आलं नाही’ हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. मग शाखा व्यवस्थापकाच्या नावाने विमा क्रमांक, अर्जाची तारीख आणि प्रलंबित मुद्दा एवढंच लिहिलेला अर्ज द्या. त्याचीच प्रत प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाला. मुंबईचं लोअर परळला आहे, पुण्याचं बिबवेवाडीत. महामंडळ ‘सुविधा समागम’ नावाने तक्रारी ऐकतं, आणि भविष्य निर्वाह निधीवाल्यांचं ‘निधी आपके निकट’ दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत होतं. लांबच्या तालुक्यातून मोठ्या कार्यालयात जाण्यापेक्षा अशा शिबिरात कागद दाखवणं परवडतं.

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर मोफत तक्रार नोंदवता येते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘माझ्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली’ हा एकच प्रश्न पुरे. माझ्या मते हा प्रश्न दहा फोनांपेक्षा जास्त काम करतो, पण पहिल्याच आठवड्यात तो टाकू नये. समोरचा माणूस विनाकारण आखडतो.

तोपर्यंत

दवाखान्याचं कार्ड फेकू नका. भरलेल्या वर्गणीचा वैद्यकीय लाभ तिच्याशी जोडलेल्या लाभकाळाच्या अखेरीपर्यंत चालतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी-जूनमध्ये, ऑक्टोबर-मार्चचा जुलै-डिसेंबरमध्ये. घरात रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू असतील तर हेच मोठं.

पीएफमध्ये एक सोय आहे जी इथे नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की काम सोडल्याची तारीख सदस्य स्वतः यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) पोर्टलवर टाकू शकतो. ती पुन्हा बदलणं सोपं नसतं, म्हणून पगारपावती समोर ठेवूनच टाका.

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायद्याने कामगार-कपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी पाहा. पहिले बारा महिने शेवटच्या सरासरी रोजच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के, शिवाय कुटुंबाला औषधोपचार. तिचा अर्ज नोकरी गेल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो. अटल योजनेच्या नादात ही मुदत चुकवू नका.

मध्येच नवं काम लागलं तर त्या दिवसापासून भत्ता थांबतो. ते शाखेला स्वतः कळवा, खोटी माहिती देऊन पैसे घेतल्यास शिक्षा आहे. आणि नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जुनाच विमा क्रमांक द्या.