बालगृहातल्या मुलांचं मन मोजताना

"तू खूप काळजी करतोस का?" हा प्रश्न मी एका नऊ वर्षांच्या मुलाला विचारला. तो लगेच म्हणाला, "करतो ना. धाकट्याची. त्याला आंघोळ पण मीच घालतो." मी ‘नेहमी’च्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. इंग्रजीतून भाषांतर केलेली चिंतेची प्रश्नावली होती ती. रात्री बेरीज करताना त्या पोराचा आकडा चांगलाच वर गेला. त्याला चिंतेचा त्रास आहे, असं मी लिहूनही टाकलं असतं. पण शेजारी पेन्सिलीने खरडलेलं ‘आंघोळ’ दिसलं आणि हात थांबला. मराठीत जी काळजी पोखरते तीही काळजीच, आणि जी भावाला आंघोळ घालते तीही काळजीच. बालगृहात तर मुलांना सांभाळणाऱ्या माणसाचं पदनामच ‘काळजीवाहक’.

बालगृहातल्या मुलांच्या मनाची तपासणी करण्याच्या या क्षेत्रात येऊ इच्छिणारी मुलंमुली मला बहुतेक वेळा एकच विचारतात: कोणता कोर्स करू? त्याकडे येते, पण जरा उशिरा.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मराठवाड्यातल्या एका बालगृहात मी समुपदेशक म्हणून लागले. मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारावर. बसायला कोठीची खोली होती, एका बाजूला गाद्यांची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला तांदळाची पोती. मुलं त्या गाद्यांवर चढून बोलायची, आणि खुर्चीपेक्षा तिथे जास्त मोकळं बोलायची, हे मला पुढे फार उपयोगी पडलं. कामाचा मोठा भाग कागदांचा होता. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करावी लागते. मी जुन्या फायली काढून वाचल्या. बऱ्याच फायलींत ‘मानसिक गरजा’पुढे एकच वाक्य होतं: ‘मुलाला समुपदेशनाची गरज आहे.’ आईवडील ऊसतोडीला गेलेला मुलगा असो, रेल्वे स्टेशनवर सापडलेला असो की घरात मार खाऊन पळालेला असो, वाक्य तेच.

मग मी जोमाने लांब अहवाल लिहायला लागले. चार-चार पानं. मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या बैठकीच्या वेळी एकदा बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा एका सदस्य बाईंनी आत बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. म्हणाल्या, "बाळा, छान लिहितेस. पण सकाळपासून पंधरा मुलं झालीत आमच्यासमोर. याला घरी पाठवायचं की नाही, आणि पाठवलं तर कोणी काय बघायचं, हे यात कुठे आहे ते दाखव." मी पानं उलटत राहिले. कुठेच नव्हतं.

माझं पुढचं सगळं काम, पीएच.डी.सकट, त्या बाकावरून सुरू झालं. मुलाच्या मनाची तपासणी करायची तर तिच्या शेवटी कोणीतरी काहीतरी करायचं असतं. जो ते करणार, त्याला वाचता येईल असा कागद हवा. ऐकायला सोपं वाटतं. मला त्यात नऊ वर्षं गेली.

सगळ्यात जास्त हात देणारी कल्पना अमेरिकेतल्या बालसंरक्षण यंत्रणेतून आली. जॉन लायन्स यांनी तयार केलेलं ‘कॅन्स’ नावाचं साधन तिथे अनेक राज्यांत वापरतात. त्यात प्रत्येक बाबीला ० ते ३ गुण असतात. पण तो आकडा ‘किती त्रास’ हे मोजत नाही, ‘आता काय करायचं’ हे सांगतो. ० म्हणजे काही करायची गरज नाही, १ म्हणजे लक्ष ठेवा, २ म्हणजे काहीतरी करायला हवं, ३ म्हणजे आज, आत्ता करा. हे वाचल्यावर मला त्या बाईंचाच आवाज ऐकू आला. आमच्याकडे ते साधन जसंच्या तसं आणून चालणार नव्हतं. पण आकड्याला थेट कृती बांधायची, हा धागा मी सोडला नाही.

चाचण्या आपल्या मातीत रुजवण्याचं काम आपल्याकडे नवं नाही, हे नव्या लोकांना माहीत असावं. व्ही. व्ही. कामत यांनी बुद्धिमत्ता मोजणारी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. मूल रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे हे मोजणाऱ्या व्हाइनलँड चाचणीचं मालिन यांनी नागपुरात केलेलं रूपांतर आजही देशभर ‘नागपूर अडॅप्टेशन’ म्हणूनच ओळखलं जातं. ही मंडळी नुसती भाषांतर करून थांबली नाहीत. शब्द, चित्रं, वस्तू सगळं बदलून मुलांसमोर परत परत मांडून पाहिलं. उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळाशी ताडून बघणं, ही पहिली पायरी झाली. आमची ‘काळजी’ तिथे बिनबोभाट पास झाली होती, कारण ‘काळजी’चं इंग्रजीत ‘वरी’च झालं. चूक सापडली ती मुलाला "म्हणजे काय रे?" असं विचारल्यावर. आता आम्ही प्रत्येक प्रश्नानंतर मुलाला त्याच्या शब्दांत तो सांगायला लावतो. ‘अस्वस्थ’ कोणाला कळत नाही. ‘कसंतरी होतं’, ‘पोटात गोळा येतो’, ‘मन लागत नाही’ सगळ्यांना कळतं. आणि ज्याची घरची बोली पारधी, पावरी किंवा गोरमाटी आहे, त्याच्यासाठी प्रमाण मराठी ही शाळेची भाषा असते, हे तर अगदी आधी लक्षात घ्या.

दुसरा पेच काळाचा. मुलांच्या भावना आणि वागणं तपासणारी, रॉबर्ट गुडमन यांची १९९७ सालची ‘एसडीक्यू’ ही पंचवीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात, आणि ती चांगली आहे. पण ती मोठ्या माणसाला मुलाच्या गेल्या सहा महिन्यांतल्या वागण्याबद्दल विचारते. आमच्याकडे मूल आलेलं तीन आठवड्यांपूर्वी, आणि काळजीवाहक रुजू झालेले गेल्या महिन्यात. सहा महिन्यांचं कोण सांगणार? मुलांना विचारलं तर त्यांना ‘सहा महिने’ कळत नाहीत. ‘दिवाळीपासून’ कळतं, ‘फडावरून आल्यापासून’ कळतं. शिवाय अशा प्रश्नावल्या मालकीच्या असतात. मनाला येईल तसे शब्द बदलता येत नाहीत, परवानगी लागते. मी पहिल्या वर्षी हे न विचारता शब्द बदलले होते आणि मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली होती.

आता थोडं गणित, कारण इथे बरेच जण घसरतात. समजा २०० मुलं आहेत आणि खरी मदत हवी आहे ४० जणांना. तुमची चाळणी, म्हणजे मदत कोणाला लागेल हे झटपट ओळखणारी प्रश्नावली, दोन्हीकडे ८० टक्के बरोबर आहे. ती ४० पैकी ३२ पकडेल, आठ सुटतील. उरलेल्या १६० पैकी १२८ जणांना बरोबर सोडेल, पण ३२ जणांना उगाच पकडेल. म्हणजे तुमच्या यादीत ६४ नावं, त्यातली निम्मी चुकून आलेली, आणि समुपदेशक एकच. ही यादी अधीक्षकांच्या हातात ठेवून तुम्ही गावी निघून गेलात, तर पुढच्या आठवड्यात ती कपाटात जाते. मी जाताना पाहिली आहे. आणि ती सुटलेली आठ? ती बहुधा गप्प मुलं असतात. मारामारी करणारं पोर पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यात बसणाऱ्याला संस्थेत ‘शहाणा’ म्हणतात.

एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला मी प्रत्येक मुलाला म्हणायचे, "तू सांगशील ते मी कोणाला सांगणार नाही." एक मुलगी या वाक्यावर विश्वास ठेवून बोलायला लागली. तिने जे सांगितलं ते गुपित ठेवणं मला शक्यच नव्हतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असं काही कळलेल्या माणसाला ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. कळवलं ते योग्यच होतं, पण मी आधी दिलेला शब्द खोटा ठरला, आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आता मी सुरुवातीलाच सांगते: "तुला किंवा दुसऱ्या कोणाला कोणी त्रास देत असेल, तर ते मला मोठ्यांना सांगावं लागेल. बाकीचं आपल्यातच." काही मुलं त्यावर गप्प होतात. होऊ द्यावीत.

संमतीचंही असंच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची किंवा कायदेशीर पालकत्व असलेल्याची संमती लागतेच, पण सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. संस्थेतलं मूल ‘नाही’ म्हणायला घाबरतं, म्हणून मी ‘नाही’चा सराव करून घेते. "तुला गोष्ट ऐकायची का? नाही म्हण. जोरात म्हण." मुलं खिदळतात. मग खरा प्रश्न विचारते.

आता कोर्स. रोगनिदान करायचं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर ती मिळत नाही. सध्या या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, तेव्हा प्रवेशाआधी परिषदेची मान्यता स्वतः तपासा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. माझ्याकडे ती नोंदणी नाही, म्हणून मी निदान करत नाही. चाळणी करते आणि पुढे पाठवते. यंत्रणेवर काम करायचं असेल तर समाजकार्याची पदवी कमी समजू नका. कायदा, योजना, गृहभेट हे समाजकार्यवाल्यांना आमच्यापेक्षा पक्कं येतं. आकडेशास्त्र मात्र दोघांनीही शिकायचंच. आणि मानधनाबद्दल: पहिली चार-पाच वर्षं घरचे विचारतील. त्यांचं चुकत नाही.

मुलाला घरी पाठवायचं की नाही, या त्या बाईंच्या प्रश्नाला वजन का आहे, तेही सांगते. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतल्या १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा ती बुद्धीने आणि जिव्हाळ्याने सरस ठरली, लवकर गेलेली जास्त. आपला कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल कुटुंबात राहावं म्हणून दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. पण समितीसमोरच्या कागदावर ‘मुलाला समुपदेशनाची गरज आहे’ एवढंच असेल, तर त्या पैशांपर्यंत कोणी पोचतच नाही. आईला कामाचे दिवस बुडवून जिल्ह्याच्या गावी यावं लागतं, आणि पुढची तारीख घेऊन परत जावं लागतं.

आमचा आत्ताचा कागद एका पानाचा आहे. अकरा बाबी, प्रत्येकीपुढे ० ते ३, आणि २ किंवा ३ आलं की शेजारच्या रकान्यात माणूस आणि तारीख लिहायची: काळजीवाहक, शाळेतले सर, आजी, जिल्हा रुग्णालय. ‘समुपदेशन’ असं नुसतं लिहायला तिथे जागाच ठेवलेली नाही. तीन जिल्ह्यांत वापरून पाहतोय. दोन ठिकाणी बरा चालतो. तिसऱ्या ठिकाणी सगळ्या मुलांना सगळीकडे १ मिळतो, म्हणजे कोणी वाचून भरत नाही, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गेल्या महिन्यात दोनातल्या एका ठिकाणच्या अधीक्षकांचा फोन आला. मला वाटलं तक्रार असेल. म्हणाले, "मॅडम, ते एकपानी फॉर्म संपले. समितीवाले त्याशिवाय फाईल घेईनात. झेरॉक्स काढू का?"