रूळ उखडलेल्या आयरिश स्टेशनचा इतिहास कसा काढायचा

भुसावळला रेल्वेत माझी ३२ वर्षं गेली. लेक-जावई आयर्लंडमध्ये गॉलवेला असतात. त्यांच्याकडे गेलो की दुपार सरता सरत नाही, म्हणून मी क्लिफ्डनच्या स्टेशनच्या मागे लागलो. गाव अगदी पश्चिम टोकाला, अटलांटिकजवळ. एप्रिल १९३५ मध्ये तिथली गाडी बंद झाली आणि आता स्टेशनच्या आवारात हॉटेल आहे. अशाच एखाद्या स्टेशनची कुंडली तुम्हाला मांडायची असेल, तर माझ्या चुकीपासून सुरुवात करा.

ही लाइन १८८९ च्या लाइट रेल्वे कायद्याखाली झाली. ‘लाइट’ म्हटल्यावर मी नॅरो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कमी, धरून मोकळा झालो. डोळ्यांसमोर आमची पाचोरा-जामनेर. त्या कायद्याखालच्या बऱ्याच लाइनी तशा होत्याही, पण ही नव्हती. इथे आयर्लंडचा नेहमीचा गेज होता, १६०० मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ७६ मिलिमीटरच कमी! तेव्हा गेज, कंपनी आणि तारखा आधी पक्क्या करा. क्लिफ्डनला कंपनी मिडलंड ग्रेट वेस्टर्न. १ जानेवारी १८९५ ला गाडी ऊटरार्डपर्यंत आली, १ जुलैला क्लिफ्डनपर्यंत. पुढे ती ग्रेट सदर्न कंपनीत विलीन झाली, त्यामुळे १९२५ पासूनचे कागद मात्र ग्रेट सदर्नच्या नावाखाली शोधायचे.

मग नकाशे. ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी मोजणी खात्याचे) जुने नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. १८३०-४० च्या सुमाराचा सहा इंची (मैलाला सहा इंच) आणि नंतरचा पंचवीस इंची, दोन्ही एकाच जागेवर उघडा. पहिल्यात नुसती शेतं, दुसऱ्यात रूळ. मालधक्का, इंजिन शेड, इंजिन फिरवायच्या टर्नटेबलचा गोल, सगळं सावकाश हुडका. प्रिंट काढून घ्या, जागेवर मोबाइलच्या पडद्यावर ऊन पडलं की काही दिसत नाही. (ऊन पडलंच तर.)

जुनं वेळापत्रक हाती लागलं तर घड्याळ सांभाळा. १ ऑक्टोबर १९१६ पूर्वी आयर्लंडची वेळ ग्रिनिचच्या २५ मिनिटं मागे होती. इंग्लंडच्या गाडीशी मेळ घालायला गेलात तर हिशेब फसतो. आपल्याकडेही गावात मुंबई टाइम आणि रेल्वेत मद्रास टाइम असायचाच की. स्टेशनांची नावंही बदलली आहेत: डब्लिनचं किंग्सब्रिज १९६६ पासून ह्यूस्टन झालं. तिथेच आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीचा दफ्तरखाना आहे. आधी पत्र टाकून वेळ घ्या.

प्रत्यक्ष फिरायला गॉलवेपासून सुरुवात करा. लाइन शहरातून निघाल्यावर कॉरिब नदी ओलांडायची. पूल गेला, दगडी खांब पाण्यात उभे आहेत. मी तिथे इतका वेळ थांबलो की जावई गाडीत झोपून गेले.

पण खरा खजिना जनगणनेत. १९०१ आणि १९११ चे घरोघरचे मूळ फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट खुले केले आहेत. त्याआधीचे बहुतेक नष्ट झाले, काही सरकारनेच टाकून दिले, काही १९२२ च्या आगीत गेले. नावाने शोधू नका, नाव तुम्हाला ठाऊकच नसतं. काउंटी, विभाग, मग गल्ली असं उतरत जा आणि स्टेशनजवळची घरं एकेक उघडा. फॉर्म ए मध्ये माणसं, फॉर्म बी-१ मध्ये घराच्या खोल्या आणि दर्शनी खिडक्या. व्यवसायाच्या रकान्यात ‘स्टेशन मास्टर’, ‘पोर्टर’ सहज कळतात. ‘माइल्समन’ दिसला तर अडखळू नका, तो आपला रूळ सांभाळणारा गँगमन. मग शेवटून दुसरा, भाषेचा रकाना बघा: आयरिश येत असेल तर तसं लिहिलेलं असतं. स्टेशन मास्टरसाहेबांचं घर आणि गँगमनचं घर शेजारी शेजारी उघडून ठेवा, खिडक्या मोजा आणि तो रकाना ताडून बघा.