फसलेला एजंट रन तपासताना अख्खा लॉग मॉडेलला देऊ नका

आमच्या नाशिकच्या ऑफिसात नव्याने रुजू झालेली बरीच मुलंमुली एजंटचा, म्हणजे टूल वापरत स्टेप-स्टेपने स्वतः काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमचा, रन फसला की अख्खा लॉग (दर स्टेपची नोंद) कॉपी करून भाषा मॉडेलपुढे टाकतात आणि विचारतात, 'काय चुकलं?' उत्तर झटकन येतं, पटतंही, आणि बऱ्याचदा चुकीचं निघतं.

लॉगमध्ये एजंटचा विचार थोडा आणि टूलने परत दिलेला मजकूर भारंभार असतो. लांबलचक मजकुरातलं सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलला नीट सापडतं, मधलं निसटू शकतं. 2023 साली स्टॅनफर्ड आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी हे प्रयोगांतून दाखवलं. लॉगच्या शेवटी असते शेवटची एरर, म्हणून मॉडेल तिलाच कारण ठरवून मोकळं होतं. त्यात देवनागरीला साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) लागतात, म्हणजे मराठी डेटा असला की कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराची जागा, आणखी लवकर भरतो.

आमचंच एक उदाहरण सांगते. कांद्याचे रोजचे भाव गोळा करणारा एजंट 'स्टेपची मर्यादा संपली' म्हणून थांबला. मर्यादा वाढवून बघू, असं टीममधल्या नव्या मुलाचं म्हणणं होतं. त्याला म्हटलं, आधी सांगाडा काढ: दर स्टेपची एकच ओळ, तिच्यात टूलचं नाव, इनपुट, आउटपुटचा आकार आणि स्टेटस. छोट्या पायथन स्क्रिप्टने किंवा जेक्यूने (JSON डेटा गाळून घ्यायचं कमांड-लाइन टूल) हे होतं. मग आदल्या दिवशीच्या यशस्वी रनचा सांगाडा शेजारी ठेवला. पाचव्या स्टेपपर्यंत दोन्ही सारखे. सहाव्या स्टेपचं आउटपुट तेवढं उघडलं. एरवी तिथे तीन ओळी येतात: लासलगाव, लासलगाव - निफाड आणि लासलगाव - विंचूर. त्या दिवशी मुख्य बाजारात लिलाव नव्हते, म्हणून पहिली ओळच नव्हती. एजंटने विंचूरचा सर्वसाधारण दर उचलला, पडताळणीच्या टूलने बाजाराचं नाव जुळत नाही म्हणून तो परत पाठवला, आणि मर्यादा संपेपर्यंत तेच चालू राहिलं. सहाव्या स्टेपमध्ये एररचं नावही नव्हतं, स्टेटस 200, म्हणजे 'सगळं ठीक', होता. 'एरर' शब्द शोधत बसलो असतो तर ती जागा हाती लागली नसती.

मॉडेलची मदत घ्यायची ती इथे. पाच ते सात या स्टेप्स, प्रॉम्प्टमधला (एजंटला दिलेल्या सूचनांमधला) संबंधित भाग आणि नेमका प्रश्न: 'या क्षणी एजंटसमोर काय होतं, आणि त्यावरून त्याने हीच ओळ का निवडली असेल?' मिळालेलं उत्तर हा अंदाजच असतो. आम्ही टूलला 'आज लिलाव नाही' असं स्पष्ट सांगायला लावलं आणि सहाव्या स्टेपपासून रन पुन्हा चालवला, तेव्हाच कारण पक्कं मानलं.

429 (फार वेळा विनंती केली म्हणून नकार) किंवा टाइमआउटसारखी कारणं स्टेटसवरूनच कळतात, त्यांच्यासाठी मॉडेल लागतच नाही.

लांब रनमध्ये मात्र एक गोष्ट हमखास बघा. कॉन्टेक्स्टमध्ये मावावा म्हणून जुना संवाद आटोपशीर करताना मूळ सूचनाच गळून पडलेली असू शकते. लॉगमध्ये ती दिसते, पण त्या स्टेपला मॉडेलकडे गेलेलीच नसते. म्हणून प्रत्येक कॉलला प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये साठवा आणि सांगाड्यात फक्त त्या फाइलचा पत्ता ठेवा.