वर्षाची बेगमी करताना या चुका टाळा

तुटवड्याची नुसती कुणकुण लागली तरी गुलटेकडीच्या भुसार बाजारापासून उपनगरांतल्या किराणा दुकानांपर्यंत गर्दी उसळते, हे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर पुणेकरांनी पाहिले आहे. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या महापुराने पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद पडला, तेव्हा तिकडून येणाऱ्या दुधाची आवक घटली होती. त्यामुळे घरात महिना-दोन महिन्यांचे धान्य असावे, असे कोणी म्हटले तर ते रास्तच आहे. मात्र अशा घाईत आणलेल्या साठ्याचे पुढे काय होते, याचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. श्रावणात डबा उघडावा तर तांदळात टोके, रव्यात जाळी, शेंगदाण्यांना कुबट वास, असा प्रकार अनेक घरांत होतो आणि जे अडचणीच्या वेळी उपयोगी पडायचे तेच टाकून द्यावे लागते. यातल्या बहुतेक नासाडीचे मूळ एकच असते, ते म्हणजे ओल.

खरेदीचा महिना चुकणे

पुण्याची हवा साठवणीला मोठी सोयीची आहे, पण ती मार्च ते मे या तीनच महिन्यांत. नवा गहू तेव्हाच बाजारात येतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि गच्चीवर ऊनही मिळते. धान्य आजूबाजूच्या हवेतली ओल सतत शोषत आणि सोडत असते. म्हणून जून लागला की दुकानातल्या गोणीतला दाणाही ओल धरू लागतो. जुलैमध्ये एखादी बातमी वाचून क्विंटलभर गहू घरात आणून टाकणे म्हणजे ओल विकत घेण्यासारखेच आहे. पावसाळ्यात खरेदी करावीच लागली तर ती महिन्यापुरती करावी आणि बाकीची निवांतपणे पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावी.

दीर्घकाळ ठेवायच्या गहू, ज्वारी आणि तांदळातला ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. घरात ते मोजण्याचे यंत्र नसते, पण दाताखाली दाणा धरून पाहण्याची जुनी रीत चांगलीच कामाची आहे. वाळलेला दाणा ‘कट्’ आवाज करून तुटतो, ओलसर दाणा दबतो. याहून खात्रीचा उपाय मिठाचा आहे. काचेची स्वच्छ आणि पूर्ण कोरडी बरणी घ्यावी, तव्यावर भाजून गार केलेले दोन-तीन चमचे मीठ तिच्यात घालावे, त्यावर बरणी अर्ध्याहून कमी भरेल इतके धान्य टाकावे, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवावी आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. मिठाचे कण काचेच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले तर त्या धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे, असे समजावे. मीठ चिकटले नाही म्हणून धान्य वर्षभर टिकेलच असे नव्हे. ते अजून थोडे वाळवणे केव्हाही बरे. मात्र मीठ चिकटले असेल तर ते धान्य डब्यात भरूच नये.

कांद्याच्या बाबतीत महिन्याची चूक लगेच कळते. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, त्याला लवकर कोंब येतात. साठवायचा तो उन्हाळ्यात निघणारा रब्बीचा. पुणे जिल्ह्यातच राजगुरुनगरला असलेल्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा किरण’, ‘भीमा शक्ती’ यांसारखे टिकाऊ वाण दिले आहेत. वाण कोणताही असला तरी मान पूर्ण सुकलेला कांदा निवडावा, तो जाळीच्या टोपलीत पातळ थरात पसरावा आणि बटाट्यांपासून दूर ठेवावा. बटाट्यांना मात्र अंधार लागतो, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि हिरवा भाग खाण्याजोगा राहत नाही.

ऊन दाखवले, पण अर्धवट

गहू दोन-तीन कडक उन्हे खाऊन संध्याकाळी गरम असतानाच डब्यात भरला जातो, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. गरम दाणा बंद पत्र्याच्या डब्यात गार होताना आतली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला आणि वरच्या थरावर जमते, आणि महिन्याभराने वरचे चार बोटे धान्य गठ्ठे धरलेले दिसते. धान्य सावलीत पसरून रात्रभर पूर्ण गार होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दव नसताना भरावे. डबाही उन्हात तापवून, कोरड्या फडक्याने पुसून घेतलेला असावा. कोपऱ्यातल्या खाचेत मागच्या वर्षीचा भुगा राहिला तर त्यातले किडे नव्या धान्यात जायला वेळ लागत नाही.

तांदळाला मात्र हा नियम लावू नये. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कडक उन्हात घातला की दाण्याला तडे जातात आणि भात करताना त्याचा तुकडा होतो. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर पसरून घेतलेला बरा. हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात तेल असते, त्यामुळे तो पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो. तो वर्षाचा म्हणून भरू नये.

वाळवणाचेही तसेच. कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या चकल्या वरून खडखडीत वाटतात, पण जाड भागात ओल शिल्लक असते. कुरडई मधोमध मोडून पाहावी. आतला गाभा काचेसारखा तुटला तरच ती डब्यात जावी. पुण्यात मे महिन्यात वळीव कधीही येतो आणि एकदा भिजलेले वाळवण परत वाळले तरी त्याला आंबूस वास राहतो. गच्चीवरचे वाळवण दुपारी तीननंतर घरात घेण्याची आजीची शिस्त याच कारणाने होती.

इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी डबे थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवल्यास पावसाळ्यात झिरपणारी ओल डब्यापर्यंत पोहोचत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. झाडावरून तोडलेला ताजा पाला डब्यात टाकणारे लोक आपल्या हाताने पाणी घालत असतात.

डबा हवाबंद आहे म्हणून निर्धास्त राहणे

‘डबा घट्ट होता, मग किडे आले कुठून?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. किडे बाहेरून आलेले नसतात. तांदळातला सोंड्या किडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बंद करतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मूग, चवळी, हरभरा, वाल अशा अख्ख्या कडधान्यांवर भुंगेरे शेतातच अंडी घालतात. पांढरट ठिपके दिसणारे दाणे आणले असतील तर डबा कितीही भारी असला तरी उपयोग नाही. रव्यात आणि पिठात दिसणारी जाळी पतंगाच्या अळ्यांची असते.

म्हणून उपाय डब्यात भरण्याआधीचे हवेत. कडधान्ये चांगली वाळवून, किलोला एक लहान चमचा एरंडेल किंवा कोणतेही खाद्यतेल हाताने चोळून ठेवली की अंड्यांना हवा मिळत नाही आणि त्यातली बरीचशी मरतात. रवा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून ठेवावा. बेसन, रवा आणि थोड्या प्रमाणातले पीठ घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्यास अंडी मरतात. मात्र पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार पिठावर हवेतली ओल जमते आणि मेहनत वाया जाते. लवंगा, सुक्या मिरच्या, हिंगाचा खडा यांच्या वासाने नवा किडा कदाचित दूर राहील, पण दाण्याच्या आतल्या अंड्याचे त्याने काही बिघडत नाही.

रसायनांच्या बाबतीत मात्र काटेकोरपणा हवा. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तांदूळ तीनदा धुतला की ती निघून जाते या भरवशावर लहान मुलांच्या घरात तिचा वापर करणे मला पटत नाही. पारायुक्त म्हणून मिळणाऱ्या गोळ्या तर धान्यात टाकूच नयेत. सर्वांत घातक म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या: हवेतल्या ओलाव्याने त्यांच्यातून फॉस्फिन वायू निघतो, बंद घरात तो प्राणघातक ठरतो आणि घरगुती वापरासाठी त्यांना परवानगीच नाही. ओळखीच्या दुकानदाराने ‘एकच गोळी टाका’ म्हणून दिली तरी ती घरात आणू नये.

धान्य आहे, पण खाता येत नाही

साठ किलो गहू घरात असून पोळी होत नाही, कारण वीज गेलेली असते आणि कोपऱ्यावरची गिरणी बंद असते. बेगमी करताना हा विचार बहुतेक जण करत नाहीत. सगळे वजन गव्हावर न टाकता तांदूळ, पोहे, भाजके डाळे, मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ असे थोड्या शिजवणीत किंवा शिजवल्याशिवाय चालणारे पदार्थ ठेवावेत. गॅस पुरवून वापरायची वेळ आली तर मुगाची डाळ राजम्यापेक्षा कितीतरी लवकर शिजते. शिवाय दमट हवेत वर्ष-दीड वर्ष राहिलेली अख्खी कडधान्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही मऊ होत नाहीत, हा अनुभव सर्वांचा आहे.

पिठाचा साठा हा मात्र साठा नव्हेच. गव्हाचे दळून आणलेले पीठ पावसाळ्यात महिन्याभराच्या आत संपवावे, आणि बाजरीचे तर आठवड्यात. दळताना बाजरीच्या दाण्यातले तेल मोकळे होते आणि पीठ कडू लागते. तेलाचे मोठे डबे स्वस्त पडतात खरे, पण एकदा फोडलेला १५ किलोचा डबा दोन-तीन माणसांच्या घरात महिनोन्‌महिने उघडझाप होत राहिला की तेलाला खवट वास येतो. लहान पॅक घेऊन एकेक फोडावा, ओट्यावर उन्हाच्या कवडशात ठेवू नये.

डब्यावर तारखेची पट्टी लावण्याचा कंटाळा करू नये. नवा माल जुन्यावर ओतला की जुना तळाशीच राहतो आणि दोन वर्षांनी एकदम सापडतो.

बरणी आणि फ्रीझर

कैरीच्या लोणच्यात एक किलो फोडींना २०० ग्रॅमच्या आसपास मीठ पडते. रक्तदाबामुळे ते निम्मे करणाऱ्यांनी ते लोणचे फ्रीजमध्येच ठेवावे, कारण मीठ केवळ चवीसाठी नसते. फोडी पुसून कोरड्या केलेल्या असाव्यात, तेलाचा थर फोडींच्या वर बोटभर यावा आणि ओला चमचा बरणीत जाऊ नये. वर केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचे खाण्याचा मोह टाळावा.

अलीकडे भाज्या, कडधान्ये किंवा मशरूम घरच्या कुकरमध्ये वाफवून बाटल्या बंद करण्याची टूम निघाली आहे. हा खरा धोका आहे. आंबट नसलेल्या पदार्थांत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यांना १२१ अंश सेल्सिअसपर्यंतची दाबाखालची उष्णता ठरावीक वेळ लागते, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हवा काढून घेतलेली बाटली या जंतूंना सोयीची असते. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणेही याच प्रकारात येते. कैरी, लिंबू, आवळा, चिंच, आमसूल यांचा आंबटपणा आपल्याला वाचवतो. बाकीच्यांसाठी वाळवणे किंवा गोठवणे हेच मार्ग बरे. चिंच बिया काढून, मीठ लावून चिनी मातीच्या बरणीत ठेवावी. धातूच्या डब्यात ती डबाच खाते.

फ्रीझरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी विजेचा विचार करावा. देखभालीसाठी गुरुवारी काही तास वीज जाणे पुण्याला नवीन नाही, आणि वादळात ती जास्त वेळही जाते. दार न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा धरतो. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी सापडले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, आणि मटार काय किंवा चिकन काय, ते टाकून देणेच योग्य.

काय फेकावे

नुसते टोके झालेला तांदूळ चाळून, निवडून, धुऊन वापरता येतो. त्यात विष नसते. बुरशी लागलेले धान्य आणि शेंगदाणे मात्र वेगळ्या वर्गातले आहेत. त्यावरची ॲस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते भाजून किंवा शिजवून पूर्णपणे जात नाही आणि यकृतावर घाला घालते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. कडू लागलेला एखादा दाणा थुंकून बाकीचे कुटात घालण्याची सवय म्हणूनच सोडावी.

पुराचे पाणी लागलेले काहीही ठेवू नये, पिशवी बंद दिसली तरी. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांत असे धान्य उकिरड्यावर गेले, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरले तेव्हाही खालच्या कपाटांतला किराणा वाया गेला. नदीजवळच्या तळमजल्यांवर साठा कमरेच्या वरच्या फडताळात असावा.

राहता राहिले पाणी. गुरुवारच्या पाणी-बंदसाठी पिंप भरून ठेवण्यात काही गैर नाही, पण त्यावर घट्ट झाकण किंवा कापड हवे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करावे आणि आतल्या कडा घासूनच पुन्हा भरावेत, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात.